पावसाळ्यात दार का फुगते?

पावसाळा सुरू झाला, की मुंबई-कोकणातील घरांत दारे चौकटीत अडकू लागतात. उन्हाळ्यापर्यंत तीच दारे पुन्हा सैल होतात. झाड तोडून कितीही वर्षे लोटली, तरी लाकडाची हवेशी चाललेली पाण्याची देवाणघेवाण थांबत नाही, हे त्याचे कारण.

लाकडात पाणी दोन प्रकारे असते. पेशींच्या पोकळीतील मुक्त पाणी आधी निघून जाते. त्याने वजन घटते, आकार बदलत नाही. पेशीभित्तिकेतील सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांच्या हायड्रॉक्सिल गटांना धरून असलेले बद्ध पाणी कमी-जास्त झाले, की लाकूड आक्रसते वा फुगते. बहुतेक लाकडांत ही सीमा कोरड्या वजनाच्या २५ ते ३० टक्के पाण्यावर असते.

हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकडातील पाणी सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. ८५ टक्के असेल, तर सुमारे १८ टक्क्यांवर. यास समतोल आर्द्रता म्हणतात. विशेष म्हणजे, हवा तितकीच दमट असली तरी वाळत आलेल्या लाकडात ओलावा शोषत असलेल्या लाकडापेक्षा थोडे अधिक पाणी राहते.

हा बदल सर्व दिशांना सारखा नसतो. ओला साग पूर्ण वाळवला, तर वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आक्रसतो. लांबीत मात्र नगण्य फरक पडतो. म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदीची फळी १७ मिलिमीटरपर्यंत अरुंद होऊ शकते. फळ्या वाकतात त्या या असमानतेमुळे. तरीही इतर अनेक लाकडांच्या तुलनेत साग कमीच हलतो. म्हणून दारे-खिडक्यांसाठी आणि जहाजबांधणीसाठी त्याला मान मिळाला.

जुन्या सुतारांनी यावर उपाय शोधला होता. चौकटीच्या खाचेत फळी न चिकटवता सैल बसवायची, म्हणजे तिला फुगायला जागा मिळते आणि ती तडकत नाही. लाकूड वापरण्यापूर्वी मुरवून, त्या त्या ठिकाणच्या हवेशी जुळेपर्यंत वाळवणे हेही तितकेच महत्त्वाचे.

रंग वा पॉलिश ओलाव्याचा वेग कमी करते, त्यास रोखत नाही. दाराच्या वरच्या-खालच्या कडा बहुधा कोऱ्याच राहतात. तेथूनच पाणी झपाट्याने शिरते. त्या कडाही रंगवाव्यात. आणि भर जुलैत अडकलेल्या दारावर रंधा फिरवण्याची घाई करू नये. तासलेले लाकूड परत येत नाही आणि हिवाळ्यात तेथे कायमची फट उरते.