मे महिन्यात बांधावरची रुई हिरवी कशी राहते?

भडगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. कपाशीची शेतं रिकामी असतात. गिरणा नदीत पाणी दिसतं ते बहुतेक धरणातून आवर्तन सुटलं तरच. अशा वेळी बांधावरची रुई मात्र हिरवी असते, वर फुललेलीही असते. तिला कोणीही पाणी घालत नाही.

शनिवारी मारुतीला वाहिलं जाणारं रुईचं पान नीट हातात घेऊन पाहा. ते जाड असतं, त्यावर मेणासारखा थर आणि पांढुरकी लव असते. त्यामुळे ऊन काही प्रमाणात परतवलं जातं आणि पानातलं पाणी हळू उडतं. मुळं खोल जातात. चीक विषारी, म्हणून शेळीही सहसा तिच्या वाटेला जात नाही. शेळीने सोडलं म्हणजे काय ते समजा!

प्रत्येक झुडपाची युक्ती वेगळी असते. नेपतीने पानांचा नादच जवळपास सोडलाय. कोवळ्या फांदीवर बारीक पानं येतात आणि लवकर गळतात, अन्न तयार करण्याचं काम हिरव्या काड्याच करतात. बोराटी कडक उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसते. ती जमिनीलगत तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, हे बांध साफ करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. नवरात्रात ज्याच्या फुलांची माळ घटावर चढते, तो तरवड मुरमाड जमिनीतही तग धरतो.

पण ही सगळी तयारी हजारो पिढ्यांमध्ये झालेली आहे. एखादं झुडूप आपल्या आयुष्यात थोडंफार जुळवून घेतं, ते वेगळं. पाटाच्या कडेला पानं मोठी येतात, माळावर तीच लहान आणि जाड येतात. गुणधर्मच बदलायचे तर बी, रोप, पुन्हा बी असं चक्र अनेकदा फिरावं लागतं. झुडपाला बी धरायलाच काही वर्षं लागतात, आणि हवामान मात्र काही दशकांतच बदलतंय.

सगळ्यात नाजूक टप्पा रोपाचा. पहिल्या पावसात बी रुजतं आणि मग तीन आठवडे पावसाचा खंड पडला, तर बोटभर मुळाचं रोप वाळून जातं. शेजारचं जुनं झुडूप खोल ओलीवर सहज टिकतं. त्यामुळे माळ हिरवा दिसतो आणि तरीही तिथे नवी पिढी तयार होत नसते. हा धोका उशिरा लक्षात येतो, कारण जुनी झुडपं बरीच वर्षं जगतात.

मोकळी झालेली जागा वेडी बाभूळ पटकावते. ती मूळची अमेरिका खंडातली, भारतात आणली गेली १९व्या शतकात. तिच्या गोड शेंगा गुरं-शेळ्या खातात आणि बिया शेणा-लेंड्यांतून लांबवर पसरतात. दुसरीकडे, बांध जेसीबीने सपाट झाला की बोराटीचा बुंधाही उखडला जातो. मग पुन्हा फुटणार कुठून?

तुमच्या शिवारातली स्थिती पाहायची असेल, तर दिवाळीच्या सुमारास जुन्या बोराटी-तरवडाच्या आसपास वीतभर उंचीची रोपं आहेत का ते शोधा. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा जा आणि त्यातली किती उरली ते मोजा.