कॉलेजमधलं नाटक, खेळ आणि शिबिर : नियम नेमके कुणाचे?

पेण-रोहा मार्गावरच्या कासू स्थानकातून कॉलेज गाठणाऱ्या मुलीला एकांकिका करायची असेल, तर परवानगीचं टोक थेट मुंबईत आहे. रायगडमधली पारंपरिक पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि युवा महोत्सव विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग भरवतो. आधी विभागीय फेरी, मग अंतिम. नाव मात्र कॉलेजमार्फतच जातं. तिथे कुणी रस घेतला नाही, तर गुणी मुलगीही घरीच राहते. खरी अडचण इथेच आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये विद्यार्थी विकास आणि क्रीडा यांसाठी वेगळी मंडळं आहेत. विद्यापीठांमधल्या स्पर्धाही होतात : खेळांसाठी 'अश्वमेध', कलांसाठी 'इंद्रधनुष्य', संशोधनासाठी 'आविष्कार'.

राष्ट्रीय सेवा योजना मात्र केंद्राची, 1969 पासूनची. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर.

अकरावी-बारावीवाल्यांचं खातंच वेगळं. इमारत तीच, मैदान तेच. पण त्यांच्या 19 वर्षांखालील शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा क्रीडा कार्यालय घेतं.

प्रवेशाची पावती एकदा नीट वाचा. जिमखाना आणि इतर उपक्रमांचं शुल्क त्यात बहुधा असतंच, भाग घ्या किंवा घेऊ नका.