उल्का कुणाची?

उल्का हा शब्द मराठी की कानडी, असा वाद बेळगावातल्या एका लग्नघरी माझ्या कानांवर पडला. सीमाभागात गावाच्या पाटीवरून वाद होतात हे ठाऊक होते. आता आभाळातल्या वस्तूही वाटून घ्यायच्या म्हणजे कठीणच आहे! कानडीत 'उल्के' म्हणतात. पण संस्कृतातला शेवटचा 'आ' कानडीत 'ए' होतो हा नेहमीचाच प्रकार आहे. आपली सभा तिथे 'सभे' होते, कथा 'कथे' होते, तशीच उल्का 'उल्के'. म्हणजे शब्द दोघांनी एकाच घरातून आणलेला.

त्या घरात त्याचा मूळ अर्थ मात्र तारा असा नाही. उल्का म्हणजे जळते लाकूड, मशाल. ऋग्वेदात हा शब्द आहे, आणि आकाशातून पडणाऱ्या तेजाला तो लागला तो दिसण्यावरून: कुणीतरी पेटते लाकूड भिरकावून द्यावे तसे ते दिसते. अशा लाकडाला मराठीत आपण कोलीत म्हणतो (माकडाच्या हातात असते ते), आणि कानडीत त्यालाच 'कोळ्ळी' म्हणतात. मला तरी या दोन शब्दांचे नाते उघड दिसते. वाद घालणाऱ्यांना हे सांगितले असते तर दोघेही माझ्यावर उलटले असते, म्हणून मी मुकाट जेवून घेतले.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांवर अख्खा अध्याय लिहिला आहे. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे तो पाच प्रकार करतो. मोठ्या आवाजाने येऊन जमीन फाडणारी ती अशनी. कमळाच्या तंतूसारखी बारीक, पांढरी वा तांबूस ती तारा. आजच्या मराठी विज्ञानलेखनाने यातले दोन शब्द उचलले आणि छान वापरले. वातावरणात जळून जाते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला दगड पडले, ते अशनी. हिंदीत मात्र उल्कापिंडावरच भागवतात.

माझी आत्या निपाणीजवळच्या खेड्यात दिलेली. तंबाखूच्या राखणीला रात्री शेतात जाणारी माणसे ती. तिच्या तोंडी उल्का नव्हती; ती 'तारा तुटला' म्हणायची. बोट दाखवायचे नाही, 'राम राम' म्हणायचे, कुणीतरी गेले असे समजायचे. मामा वारले त्या वर्षी तिने आभाळाकडे बघणेच सोडले होते. वराहमिहिर नेमके उलटे सांगतो: स्वर्गात पुण्याचे फळ भोगून झालेले जीव खाली येतात, त्यांची ती रूपे. आत्याचे माणूस जात होते, त्याचे परत येत होते. हे तिला सांगायचे मनात होते, पण पुराणे सांगायची ती वेळ नव्हती.

अपशकुन म्हणून या शब्दाला मराठीत बरेच सोसावे लागले. उल्कापात म्हणजे अनर्थ. पोरांनी घर डोक्यावर घेतले तरी 'काय उल्कापात मांडलाय!' असे ओरडणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत. आणि असा शब्द वि. स. खांडेकरांनी 1934 मध्ये कादंबरीला व तिच्या नायिकेला दिला! ते तेव्हा आमच्या गोव्याच्या वेशीवरच्या शिरोड्यात शिक्षक होते. मुलींची नावे उल्का ठेवण्याचे धाडस मराठी आईबापांना त्या कादंबरीनेच दिले असावे, असे माझे मत आहे.

जुना मशालीचा अर्थही अगदीच विझला नाही. महालयात आलेले पितर दिवाळीच्या अमावास्येला परत निघतात, तेव्हा त्यांना वाट दिसावी म्हणून संध्याकाळी हातात पेटते लाकूड घेऊन उजेड दाखवायचा, असे धर्मशास्त्रात सांगितले आहे. त्या विधीचे नाव उल्कादान. आत्याच्या घरी त्यासाठी तुरकाठ्यांची जुडी पेटवीत. आमच्याकडे झावळांची चूड चालते.