समुद्र सर्वांचा, वाट कुणाची?

महसुली मराठीत ‘वहिवाट’ असा एक नेमका शब्द आहे. जमीन कुणाच्या नावावर आहे हा एक प्रश्न, आणि तिच्यावरून वर्षानुवर्षे कोण ये-जा करत आले हा दुसरा. समुद्राच्या बाबतीत दुसरा प्रश्नच मोठा ठरतो. भरतीच्या रेषेखालचा किनारा सहसा कुणा एकाच्या मालकीचा नसतो. मालकी असते ती रस्ता आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्याची. तो पट्टा बंद झाला की सर्वांचा समुद्र नकाशापुरता उरतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या एका देखण्या, विचारपूर्वक आखलेल्या वसाहतीवरून याच प्रश्नावर बारा वर्षे झगडा चालला. त्याचा इतिहास आपल्यालाही जवळचा आहे. का, ते शेवटी सांगतो.

त्या वसाहतीचे नाव ‘सी रँच’. सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर, सोनोमा काउंटीत, डोंगर आणि प्रशांत महासागर यांच्यामध्ये मेंढ्यांची चराई चालणारे एक मोठे रान होते. ‘कॅसल अँड कुक’ या हवाईतील कंपनीच्या ‘ओशियानिक प्रॉपर्टीज’ या उपकंपनीने १९६३ च्या सुमारास ते विकत घेतले. क्षेत्र सुमारे ५,२०० एकर, किनारा दहा मैलांचा. नियोजक अल बोके यांनी भूदृश्यरचनाकार लॉरेन्स हाल्प्रिन यांना बोलावले. हाल्प्रिन यांनी आधी वारा अभ्यासला. वाऱ्याला आडोसा म्हणून पूर्वी लावलेल्या सायप्रसच्या रांगा जागोजाग होत्या. त्यांच्या कडेने घरांचे पुंजके बसवायचे आणि मधली कुरणे सर्वांसाठी मोकळी सोडायची, असे ठरले. छपरे वाऱ्याच्या कलाने उतरती, लाकूड बिनरंगाचे, दारापुढे हिरवळीचे गालिचे नाहीत, घराघरांत कुंपणे नाहीत. चार्ल्स मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये बांधलेली तिथली पहिली सामायिक इमारत आजही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवली जाते.

जमिनीशी इतक्या अदबीने वागणाऱ्या वसाहती फार थोड्या. पण घरांमधली कुंपणे काढताना एक मोठे कुंपण राहूनच गेले. ते साऱ्या वसाहतीभोवती होते. तिथली कुरणे, कडे, पुळणी ‘सामायिक’ होत्या, म्हणजे सभासदांना सामायिक. महामार्ग क्रमांक १ या जमिनीतून जातो. त्यावरून जाणाऱ्या माणसाला दहा मैल समुद्र दिसणार होता, पण उतरून पाण्यापर्यंत जाता येणार नव्हते.

कायदा काय म्हणत होता? समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांना सामायिक, हे तत्त्व सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियनच्या रोमन विधिग्रंथात आहे. तेच तत्त्व इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेले. कॅलिफोर्निया १८५० मध्ये संघराज्यात सामील झाले, तेव्हापासून भरतीच्या सरासरी रेषेखालची जमीन राज्य सरकारकडे जनतेची विश्वस्त म्हणून आहे. सार्वजनिक कामासाठी लागणारी पाण्याकडची वाट कुणी अडवू नये, असे १८७९ च्या राज्यघटनेतही लिहिलेले आहे. तेव्हा वाळूवर पाय ठेवण्याचा हक्क कुणी नाकारत नव्हते. पण सोनोमाचा हा किनारा म्हणजे उभे कडे आणि त्यांच्या कुशीतल्या लहान पुळणी. एका पुळणीवरून दुसरीवर वाळूतून चालत जाता येत नाही. वरून वाट असेल तरच खालचा हक्क उपयोगाचा.

ही गोष्ट नेमकी ओळखली ती पेटालुमा भागातले गुरांचे डॉक्टर बिल कॉर्टम यांनी. याच काउंटीत बोडेगा हेड या भूशिरावर अणुवीज केंद्र होणार होते. ते १९६४ मध्ये रद्द झाले, त्या लढ्यात ते होते. राज्याच्या किनाऱ्याकडे जाणारी वाट मिळवण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नागरिक संघटना उभी केली. १९६८ मध्ये सी रँचमधून सार्वजनिक वाटा सक्तीने सोडवून घेण्याचा प्रस्ताव काउंटीच्या मतदानाला आणला. कंपनीने उत्तर टोकाची, ग्वालाला नदीच्या मुखाजवळची जमीन सार्वजनिक उद्यानासाठी देऊ केली. तेवढे पुष्कळ झाले, असे अनेकांना वाटले. प्रस्ताव पडला.

त्याच सुमारास न्यायालयात वहिवाटीचा मुद्दा आला. लोक एखादी किनारी जमीन सार्वजनिक समजून पाच वर्षांहून अधिक काळ वापरत आले आणि मालकाने हरकत घेतली नाही, तर ती लोकांना अर्पण झाली असे धरता येईल, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सांताक्रूझच्या खटल्यात दिला. परिणाम मात्र उलटाच होण्याची चिन्हे दिसली. आजवर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे कानाडोळा करणाऱ्या मालकांना आता हक्क जाईल या धास्तीने कुंपण घालणेच शहाणपणाचे ठरले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून या निकालाची पुढची वाट अरुंद केली. ज्या वहिवाटीला मालकाच्या सौजन्याचा आधार असतो, ती हक्क म्हणून मागितली की सौजन्य संपते. आपल्याकडे बांधावरून जाणाऱ्या पायवाटेचे भांडण ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

मग लढा काउंटीतून राज्यभर गेला. विधिमंडळात किनाऱ्याची विधेयके वारंवार अडली, तेव्हा नागरिकांनी सह्या गोळा करून ‘प्रस्ताव २०’ थेट मतदारांपुढे नेला. नोव्हेंबर १९७२ मध्ये सुमारे ५५ टक्के मतांनी तो मंजूर झाला. किनारी पट्ट्यातील बांधकामांना परवानगी देणारा आयोग स्थापन झाला आणि १९७६ च्या कायद्याने तो कायम झाला. आता सी रँचमध्ये भूखंड घेतलेल्याला घर बांधायचे तर आयोगाची परवानगी हवी होती, आणि आयोग म्हणे, आधी लोकांना वाट द्या. वर्षानुवर्षे भूखंड रिकामे पडून राहिले.

रहिवाशांची बाजूही ऐकायला हवी. अनेकांनी आयुष्याची पुंजी घालून जागा घेतली होती. दहा मैलांचा किनारा बंद करण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, कंपनीचा होता, पण शिक्षा त्यांना होत होती. लोक आले की कचरा येईल, आग लागेल, कुरणांत पायांनी चर पडतील, ही भीतीही खोटी नव्हती. जमीन राखण्याचे काम त्यांनी मनापासून केले होते. प्रश्न एवढाच होता की जमीन चांगली राखली, म्हणून समुद्र राखून ठेवण्याचा अधिकार मिळतो का?

१९८० मध्ये विधिमंडळाने तोडगा काढला. विधेयक मांडणाऱ्या सदस्याच्या नावावरून तो ‘बेन विधेयक’ म्हणून ओळखला जातो. राज्याने वसाहतीच्या संघाला ५ लाख डॉलर दिले. संघाने पाच पुळणींकडे जाणाऱ्या वाटा आणि उत्तरेकडे कड्यावरून जाणारी एक पायवाट लोकांसाठी लिहून दिली. मूळ आराखड्यात पाच हजारांवर घरे होती. ती संख्या निम्म्याहून कमी झाली. आज महामार्गालगत गाड्या लावायला लहान जागा आहेत, तिथून अरुंद वाट कुरणातून कड्यापर्यंत जाते आणि वाट सोडू नका अशा पाट्या भेटतात. दहा मैलांत एवढेच. ना कॉर्टम यांचे सहकारी समाधानी होते, ना सगळे रहिवासी. तरीही फरक मूलभूत होता. कुणाच्या मर्जीने मिळणारी वाट आता लिहून दिलेली वाट झाली होती.

या भांडणाच्या आधीही इथे माणसे होतीच. काशाया पोमो लोक याच किनाऱ्यावर शिंपले आणि समुद्रशेवाळ गोळा करत. एकोणिसाव्या शतकात जमिनी इतरांच्या नावे झाल्या आणि ते समुद्रापासून आत, डोंगरातल्या एका लहानशा राखीव जागेत ढकलले गेले. २०१५ मध्ये सी रँचच्या दक्षिणेला सुमारे ७०० एकर किनारी जमीन त्यांना परत मिळाली. त्या व्यवहारातच कॅलिफोर्निया किनारी पायवाटेला त्या जमिनीतून जागा ठेवलेली आहे. दीड शतक ज्यांना समुद्रापर्यंत जाता येत नव्हते, त्यांच्या जमिनीतूनही परक्यांसाठी वाट आहे.

आता आपल्याविषयी. कायद्याचे प्राध्यापक जोसेफ सॅक्स यांनी १९७० मध्ये सार्वजनिक विश्वस्ततेच्या या जुन्या तत्त्वाला एका लेखातून नवी धार दिली आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९८३ मध्ये मोनो सरोवराच्या खटल्यात ते वापरले. या दोहोंचा आधार घेत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, हे तत्त्व भारतीय कायद्याचाच भाग असल्याचे सांगितले. आणि जानेवारी २००९ मध्ये ते गोव्यात, पणजीजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर येऊन पोचले. तिथे सरकारने हॉटेलसाठी जमीन संपादन केली होती आणि १९८३ च्या करारात लोकांची किनाऱ्याकडची वाट मोकळी ठेवण्याची अट होती. हॉटेलचे वाढीव बांधकाम त्या अटीविरुद्ध आहे असे ठरवून न्यायालयाने ते पाडायला सांगितले. त्याच वर्षी गोव्यात भूसंपादन कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला आणि बांधकाम वाचले. तो बदल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवला.

दोन्हीकडे तत्त्व एकच होते, समुद्र सर्वांचा. सोनोमात ते मतपेटीतून, अडलेल्या परवान्यांतून आणि शेवटी पैसे मोजून पाच वाटांपर्यंत आले. गोव्यात वाट करारात लिहिलेली होती, तरी विधिमंडळाने लेखणी फिरवल्यावर न्यायालयाचा निकालही तिला पुरा पडला नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या नव्या वसाहतीचा आराखडा समोर आला की निळ्या रंगाकडे पाहून भागत नाही. रस्त्यापासून त्या निळ्यापर्यंत जाणारी बारीक तुटक रेघ शोधावी. ती कुणाच्या जमिनीतून जाते, कोणत्या कागदावर नोंदलेली आहे आणि तो कागद कोण बदलू शकतो, एवढे तरी विचारून घ्यावे.