नसलेलं पुस्तक

1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, पुढं अनुदानावर खेडोपाडी वाचनालयं निघाली. आमच्या गावचं त्यातलंच. दहावीनंतर माझी शाळा सुटली, वाचनालय सुटलं नाही. ग्रंथपाल गुरुजींचा पगार जेमतेम. पण नुसतं "ते विहिरींचं पुस्तक" म्हटलं की नोंदवही न उघडता बरोबर त्याच कपाटाशी जायचे.

आता त्या खुर्चीत बाई आहेत. परवा नातवानं मोबाइलमधल्या एआयला विचारून शाळूच्या जुन्या वाणांवरच्या पुस्तकाचं नाव आणलं. लेखक, साल, सगळं होतं. बाईंनी नोंदवही पाहिली, संगणक पाहिला, तालुक्याला फोन लावला. असं पुस्तक कुठंच नाही!

"आबा, हे आता नेहमीचं झालंय. त्याला ठाऊक नसलं की ते नाव रचून देतं."

तसं ते कामाचंही आहे. वरच्या कार्यालयाची पत्रं बाई त्याच्याकडूनच लिहून घेतात. पण नसलेलं पुस्तक नाही हे शोधण्यात त्यांची अख्खी दुपार गेली, आणि पगार अजून जेमतेमच.

मग त्यांनी नातवाला विचारलं, "तुला नक्की काय पाहिजे रे?" अन् माळ्यावरून 'शेतकरी' मासिकाचे जुने अंक काढले. धूळ झटकायला मी होतोच.