पाकटांचे हंगामी स्थलांतर : महाराष्ट्राचा किनारा

पाकट हा मुशीच्या नात्यातला, पसरट अंगाचा मासा. याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. शेपटीला विषारी काटा असलेली पाकटे, पंखांसारखे पर हलवत पोहणारी प्रचंड मांटा, पुढून पाकट आणि मागून मुशी दिसणारे गिटारफिश व दातेरी सोंडेचा करवत मासा हे सारे याच गटातले. मुशी आणि पाकटे यांच्या 2021 च्या जागतिक आढाव्यात एक तृतीयांशाहून अधिक जातींना नामशेष होण्याचा धोका आढळला. गिटारफिशच्या मोठ्या आकाराच्या दोन कुळांतील 16 जातींपैकी 15 जाती 2019 मध्येच अतिसंकटग्रस्त ठरल्या होत्या. मांटाची मादी सुमारे वर्षभर गर्भ वाहून एकच पिल्लू देते आणि पुढच्या पिल्लापर्यंत काही वर्षे जातात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला ट्रॉलरच्या वेगाने होणारी पकड सोसत नाही.

या प्राण्यांच्या फिरण्यामागे अन्न, प्रजनन आणि पाण्याची स्थिती ही कारणे असतात. मालदीवमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्लवक बेटांच्या पूर्वेला साठते आणि मांटा तिकडे येतात. ईशान्य वारे सुरू झाले की त्या पश्चिमेला सरकतात. तिथल्या स्वच्छ पाण्यात प्रत्येक मांटाच्या पोटावरचे ठिपके टिपून तिची ओळख पटवता येते. आपल्या किनाऱ्यावर गिटारफिशची पिल्ले उथळ, वाळूच्या पट्ट्यात वाढतात. शिवाय पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात प्राणवायू कमी असलेले पाणी तळाशी चढून येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याची मोजमापे केली आहेत. तळाशी चिकटून जगणाऱ्या पाकटांच्या हालचालींचा विचार हे पाणी वगळून करता येणार नाही.

मागोवा घेण्याची यंत्रे कासवांसाठी इथे वापरली गेली आहेत. राज्य वन विभागाचा कांदळवन कक्ष व कांदळवन प्रतिष्ठान यांनी भारतीय वन्यजीव संस्थेच्या साथीने जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेपर्यंत पोचली. कासव श्वासासाठी वर येते, तेव्हा संदेश उपग्रहाकडे जातो. पाकटाला वर येण्याची गरज नसते. म्हणून त्याला खोली, तापमान व उजेड नोंदवणारे आणि ठरल्या दिवशी सुटून पाण्यावर तरंगणारे यंत्र लावतात. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून मासा कुठे होता याचा अंदाज बांधला जातो. मुंबईजवळच्या गढूळ पाण्यात, तळाशी पडून राहणाऱ्या माशाबाबत हा अंदाज फारच ढोबळ ठरेल. दुसरी पद्धत ध्वनिसंदेशांची. तीत समुद्रतळावर ठेवलेले ग्राहक काही शे मीटरपर्यंत ऐकू शकतात, पण जिथे ट्रॉल रोज तळ घासतात तिथे ते टिकणे कठीण.

त्यामुळे महाराष्ट्रात पाकटांचा मागोवा आजही मुख्यतः बंदरावर उतरणाऱ्या मासळीवरूनच घ्यावा लागतो. केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्था ससून डॉक, भाऊचा धक्का, सातपाटी अशा ठिकाणी नमुने घेऊन जातवार नोंदी ठेवते. या नोंदी मोलाच्या आहेत, पण त्यांत एक मोठी फट आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. समुद्र सर्वांत जास्त बदलतो त्या काळात पाकटांच्या नोंदी जवळजवळ थांबतात. ऑगस्टमध्ये पुन्हा दिसू लागलेले पाकट तेव्हाच किनाऱ्याकडे आले, की आधीपासून इथेच होते, हे मासळीच्या ढिगावरून सांगता येत नाही. पकडीचा हंगाम म्हणजे स्थलांतराचा हंगाम असे मानणे ही या विषयातली सर्वांत सोपी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

करवत मासा, काटेरी पाकट व मोठा गिटारफिश यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र 2001 पासून आहे. मात्र गिटारफिशची जी जात तेव्हा यादीत आली, ती आता हिंदी महासागराच्या पश्चिम भागातली मानली जाते. भारतात सापडणाऱ्या तिच्या भाऊबंद जाती वेगळ्या आहेत. 2022 च्या दुरुस्तीने यादी बरीच विस्तारली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली.

डिसेंबर 2018 पासून राज्यात पाकटांच्या नोंदींची आणखी एक वाट खुली झाली. संरक्षित प्राणी जाळे कापून जिवंत सोडल्यास मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते; पुरावा म्हणून सुटकेची छायाचित्रे वा चित्रफीत द्यावी लागते. योजनेचा हेतू सुटकेचा असला, तरी अशी प्रत्येक चित्रफीत एका जिवंत प्राण्याची तारीखवार नोंद असते आणि मेलेल्या माशांच्या ढिगापेक्षा ती कितीतरी बोलकी असते. नवी मुंबईत कांदळवन प्रतिष्ठानचे ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ठाणे खाडीच्या काठी 2017 पासून उभे आहे. तिथे मुख्यतः खाडी आणि रोहित पक्षी पाहायला लोक येतात. पण सुटकेच्या नोंदी एकत्र वाचायलाही या केंद्राहून सोयीची जागा नाही. खाडीकाठी दिवाळे, सारसोळे असे कोळीवाडेही आहेत. तांडेलाने जाळे कुठे टाकले, पाणी किती वाव खोल होते, जाळे कोणत्या प्रकारचे होते, प्राणी नर की मादी आणि मादी गाभण होती का, एवढे त्याच चित्रफितीसोबत लिहून घेतले तर काही हंगामांत पाकटांच्या हालचालींचा नकाशा आकार घेऊ लागेल. नर ओळखणे अवघड नाही. त्याच्या पोटाकडच्या परांना दोन दांडे असतात.