लाजवर्दाची जोडी जमवताना

गडद निळ्या अंगावर सोनेरी कणांची चमक मिरवणारा लाजवर्द हा मानवाने अलंकारांसाठी वापरलेल्या सर्वांत प्राचीन खड्यांपैकी एक होय. संस्कृत ग्रंथांत त्याला ‘राजावर्त’ म्हटले आहे. ‘लाजवर्द’ हे नाव फारसीतून आले. ईशान्य अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यातील सर-ए-संग येथील खाणी सहा हजारांहून अधिक वर्षे हा दगड जगाला पुरवीत आल्या आहेत. मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत त्याचे मणी सापडले आणि इजिप्तच्या तुतनखामेनच्या सुवर्णमुखवट्यावरील भुवयाही त्याच्याच आहेत.

आजही चांदीतील कर्णफुले, पदके आणि मण्यांचे सर यांसाठी लाजवर्दाला मोठी मागणी आहे. एकच खडा घ्यायचा असेल, तर जो नजरेत भरेल तो निवडावा. परंतु कानांतल्या जोडीसाठी दोन किंवा सरासाठी पन्नास खडे एकमेकांस शोभतील असे निवडणे, ही मात्र खरी परीक्षा असते. कोंदणात खडे बसल्यानंतर छटेतला फरक लक्षात आला, तर मजुरी वाया जातेच, शिवाय खडा काढताना त्याचा टवका उडण्याची भीतीही असते.

खनिज नव्हे, खडक

ही अडचण समजून घेण्यासाठी लाजवर्दाची घडण पाहावी लागते. हिरा किंवा माणिक हे एकाच खनिजाचे स्फटिक असतात. लाजवर्द मात्र अनेक खनिजांचा मिळून बनलेला खडक आहे. त्यातील निळाई लॅझुराइटची, पांढऱ्या रेषा व ढग कॅल्साइटचे, तर सोनेरी ठिपके पायराइटचे असतात. ही खनिजे कोठे किती असतील, याला नियम नाही. त्यामुळे एकाच खाणीतील, किंबहुना एकाच ढेकळातील दोन तुकडेही तंतोतंत सारखे नसतात. हिऱ्याप्रमाणे सर्वमान्य प्रतवारीही लाजवर्दाला नाही. पुडीवर लिहिलेली ‘ए’, ‘डबल ए’ किंवा ‘ट्रिपल ए’ ही अक्षरे त्या त्या विक्रेत्याची असतात. दोन दुकानांतील ‘ट्रिपल ए’ एकसारखे असतीलच असे नाही.

अफगाण व्यापाऱ्यांनी रंगाची जी पारंपरिक नावे ठेवली, ती मराठी कानालाही ओळखीची वाटतील. किंचित जांभळट, गडद निळा तो ‘नीली’. त्याहून फिका, आकाशासारखा तो ‘अस्मानी’. हिरवट झाक असलेला तो ‘सब्जी’. यांपैकी नीली सर्वांत मोलाचा मानला जातो. चिलीच्या अँडीज पर्वतातूनही लाजवर्द निघतो. त्यात पांढऱ्या कॅल्साइटचे प्रमाण बहुधा अधिक असते. एका दागिन्यात अशा भिन्न जातींची सरमिसळ टाळावी.

जुळणी कशी पाहावी

जोडी पाहताना क्रम ठेवावा. प्रथम रंगाचे कूळ पाहावे: दोन्ही खडे जांभळटाकडे झुकतात की हिरवटाकडे? मग गडदपणा पाहावा. त्यानंतर सोनेरी कणांची दाटी आणि पांढऱ्या रेषा पाहाव्यात. शेवटी घडण तपासावी. लाजवर्द अपारदर्शक असल्याने त्याला बहुधा पैलू पाडत नाहीत. घुमटासारखा गुळगुळीत आकार देतात. दोन खड्यांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये जुळली, तरी घुमटाची उंची जुळेलच असे नाही. म्हणून खडे आडवे धरून बाजूनेही पाहावेत.

ही पाहणी दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात न धरता करावी. दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली गडद लाजवर्द काळपट दिसतो आणि दोन छटांतील फरक बुजून जातो. खडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवावेत, हातभर अंतरावरून पाहावेत आणि मग त्यांच्या जागा बदलून पुन्हा पाहावेत. उजवीकडचा गडद वाटलेला खडा डावीकडे आल्यावरही गडदच दिसला, तर फरक खड्यात आहे; अन्यथा तो उजेडाचा खेळ समजावा.

किती काटेकोर राहायचे, हे दागिन्यावर ठरते. कर्णफुलांच्या मध्ये चेहरा असतो, त्यामुळे सोनेरी ठिपक्यांची मांडणी वेगळी असली तरी चालते. गडदपणातील फरक मात्र समोरच्याला चटकन दिसतो. पदकात वा अंगठीत खडे परस्परांना खेटून असतात, तेथे ठिपके आणि रेषांकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. उत्तम उपाय म्हणजे एकच तुकडा मधोमध चिरून घडवलेली जोडी घेणे. पुस्तक उघडावे तशा त्या दोन खड्यांवरील रेषा एकमेकींचे प्रतिबिंब वाटतात.

मण्यांचा सर घेताना लागणारे सगळे मणी एकाच वेळी घ्यावेत आणि चार-पाच मणी जास्तीचे घ्यावेत. नंतर मिळणारे मणी वेगळ्या ढेकळातले असतील. सर्वांत एकजिनसी मणी मधोमध आणि पांढुरकी झाक असलेले मानेमागे अशी मांडणी केली, तर किरकोळ फरक खटकत नाही.

अति सारखेपणाचा संशय

स्वस्तात मिळणारे आणि ठशातून काढल्यासारखे एकरूप दिसणारे खडे पाहून आनंदण्याऐवजी सावध व्हावे. फिक्या लाजवर्दाला रंग देऊन किंवा मेण चोपडून गडद करण्याचा प्रकार सर्रास चालतो. रंगवलेला हाऊलाइट व जॅस्पर, सोडालाइट आणि काच हेही लाजवर्द म्हणून खपवले जातात. सोडालाइट निळा असला तरी त्यात सोनेरी कण क्वचितच असतात. खऱ्या पायराइटचे कण वेडेवाकडे आणि विषम विखुरलेले असतात.

रंग दिलेल्या मण्यांत तो भोकाच्या कडेला आणि भेगांत साचून अधिक गडद दिसतो. भिंगातून हे सहज कळते. विक्रेत्याच्या संमतीने नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस खड्याच्या मागील बाजूस फिरवावा. कापूस निळा झाला, तर रंग दिला आहे हे निश्चित. मात्र तो पांढराच राहिला म्हणून खडा निर्दोष ठरत नाही, कारण वरचे मेण रंगाला धरून ठेवते. मोठी खरेदी असेल, तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि पावतीवर ‘नैसर्गिक, रंग न दिलेला’ असे लिहून घ्यावे.

जोडीतला एक हरवला तर

आजीच्या वा आईच्या कर्णफुलांतील एक खडा हरवतो, तेव्हा जुळणीची अडचण सर्वाधिक जाणवते. अशा वेळी छायाचित्रावर विसंबू नये. त्यात निळा रंग हमखास बदलतो. उरलेला खडाच सोबत न्यावा. लाजवर्दाचा कठीणपणा मोह्झ मापनात पाच ते साडेपाचच्या आसपास, तर धुळीतील वाळूच्या कणांचा सात. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराने जुना खडा निस्तेज होतो आणि नव्याशी जुळत नाही असे वाटते. पुष्कळदा फरक रंगाचा नसून झिलाईचा असतो. म्हणून आधी जुन्या खड्याला पुन्हा झिलाई करून पाहावी आणि मगच जोडीदार शोधावा.

दुरुस्तीस दागिना देताना खडा आधी काढून घेण्यास सोनाराला सांगावे. डागाची उष्णता आणि नंतरचे तेजाब ही दोन्ही लाजवर्दाची शत्रू आहेत. याच कारणाने घरी चिंच वा लिंबू लावून असा दागिना उजळू नये. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवावा, लगेच मऊ फडक्याने पुसावा आणि इतर दागिन्यांपासून वेगळ्या डबीत ठेवावा.

लाजवर्दाची जोडी जुळ्या भावंडांसारखी हुबेहूब नसते. एका घरच्या दोन बहिणींसारखी असते. चेहरामोहरा एक, तरी प्रत्येकीची ठेवण निराळी. हे ध्यानात ठेवून, दिवसाच्या उजेडात आणि सवडीने निवड केली, तर ती जोडी पुढच्या पिढीच्या कानांतही तितकीच शोभेल.